चारशे अठरा फोटोंतून बावन्न: पुण्यातल्या एका घराच्या अल्बमची हकिगत

पार्श्वभूमी

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची भिंतही टिकली नाही आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. ज्या घराबद्दल मी लिहिते आहे त्या घराचा वाडाही त्यात गेला. पण त्यांची एक पत्र्याची ट्रंक तिसऱ्या दिवशी गाळात रुतलेली सापडली. आत लुगडी, पितळी डबे आणि फोटो होते. जुलैचे दिवस, ऊन नाही. नात्यातल्या एका घरी माजघरात दोऱ्या बांधून ते फोटो कपड्यांसारखे वाळत घातले होते. बरेचसे वाचले. काही एकमेकांना चिकटले ते कायमचेच.

त्या घरच्या माई आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. १९५८ साली लग्न होऊन त्या वाड्यात आल्या, तीन वर्षांनी पूर आला, मग काही वर्षं पूरग्रस्तांच्या वसाहतीत काढली आणि आता थोरल्या मुलाकडे कोथरूडला असतात. घरात थोरला मुलगा आणि सून, नाशिकला मुलगी, न्यू जर्सीत नातू. मी सूनबाईंची मैत्रीण. बरीच वर्षं ग्रंथालयात काम केल्यामुळे जुने कागद कसे हाताळायचे ते मला ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मला बोलावलं. हे सगळं त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं कुणाचीच देत नाही, हाक मारायची नाती तेवढी ठेवली आहेत.

आम्ही पहिल्या दिवशी मोजदाद केली. सुटे कृष्णधवल फोटो १७६. काळ्या पानांच्या, कोपऱ्यांत फोटो अडकवायच्या जुन्या अल्बममध्ये ६४. ऐंशीच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममध्ये ९२. प्लॅस्टिकच्या खिशांच्या छोट्या अल्बमांत ७५. भिंतीवर आणि माळ्यावर मिळून फ्रेमा ११. एकूण ४१८. मागे काही लिहिलेले फोटो तीसही नव्हते.

अडचण

काम निघालं ते माईंच्या डोळ्यांमुळे. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. कडेचं दिसतं, पण थेट पाहिलं की नेमका समोरचा चेहरा पुसट होतो. वाड्यातले बहुतेक फोटो सव्वादोन इंचांचे चौकोनी. त्यांचे यजमान साध्या बॉक्स कॅमेऱ्याने काढत, आणि त्या काळी निगेटिव्हच्याच आकाराचे फोटो छापून घेणं स्वस्त पडे. त्यातले चेहरे ज्वारीच्या दाण्याएवढे. माई फोटो हातात घेत, मान तिरकी करून कडेच्या नजरेने बघायचा प्रयत्न करत, आणि खाली ठेवून देत.

वाड्यातली माणसं प्रत्यक्ष पाहिलेल्या आता त्या एकट्याच उरल्या आहेत. म्हणजे ज्यांना नावं माहीत आहेत त्यांना फोटो दिसत नव्हते, आणि ज्यांना फोटो दिसत होते त्यांना नावं माहीत नव्हती. त्यामुळे फोटो मोठे करणं आणि ओळखून घेणं हे एकच काम होतं. हे कळायला मला मात्र तीन आठवडे लागले.

शिवाय घरात प्रत्येकाच्या मनात वेगळं होतं. मुलाला गुढीपाडव्याला आईच्या हातात एक सुंदर, जाड, छापील पुस्तक द्यायचं होतं. नातवाला सगळे फोटो संगणकावर घेऊन रंगवून हवे होते. मुलीचं म्हणणं, काहीही करा पण मूळ फोटो घराबाहेर जाऊ देऊ नका.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग, सगळंच्या सगळं एखाद्या स्टुडिओकडे सोपवायचं. वेळ वाचला असता. पण ओल लागून वाळलेले फोटो वाकलेले होते आणि काहींवरचा थर पोपडा धरून सुटत होता. असे फोटो रोलरमधून ओढणाऱ्या वेगवान यंत्रात गेले तर परत येतील तेव्हा त्यांच्यावर काय उरलेलं असेल, याची मला धास्ती होती. मुलीचा विरोध होताच. हा मार्ग सोडला.

दुसरा, सगळं स्कॅन करून पेन ड्राइव्हवर ठेवायचं आणि टीव्हीवर दाखवायचं. हे आम्ही करून पाहिलं. चेहरे मोठे झाले, पण माईंना पडद्यावर नजर ठरवता येईना. त्यांना फोटो हलवून, तिरका धरून, खिडकीच्या उजेडात नेऊन बघायची सवय. टीव्ही जागचा हलत नाही. पंधरा मिनिटांत त्या थकल्या आणि “पुरे आता” म्हणाल्या.

तिसरा, छापील पुस्तक. दिसायला देखणं, एकदा फाइल तयार झाली की हव्या तेवढ्या प्रती. मुलाचा कल इकडे होता आणि सुरुवातीला माझाही. अडलं ते एका गोष्टीवर: पुस्तक छापलं की त्यात बदल नाही. नावं तर अजून कळायची होती, आणि कळलेली किती चुकीची निघतील ते सांगता येत नव्हतं.

चौथा मार्ग सगळ्यांत साधा. निवडक फोटो मोठे करून प्रत्येकाचा वेगळा प्रिंट काढायचा, आणि ज्याची पानं स्क्रूने बांधलेली असतात, सोडवून घालता-काढता येतात, अशा अल्बममध्ये लावायचे. एका पानावर एकच फोटो. शेवटी हाच ठरला. पुढे दोनदा पानं बदलावी लागली, तेव्हा या निर्णयाने आम्हाला वाचवलं.

पहिली चूक: आधी यंत्र, मग माणूस

मी सुरुवात स्कॅनरपासून केली. तीन आठवडे रोज दुपारी जाऊन फोटो स्कॅन करत बसले. त्यातलं तांत्रिक थोडक्यात सांगते, कारण कुणाला उपयोग होईल.

साध्या छापील फोटोला ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, पुरतं. सव्वादोन इंचांच्या छोट्या फोटोंना १२०० ठेवलं. २.२५ गुणिले १२०० म्हणजे २७०० ठिपके, आणि छापताना इंचाला ३०० ठिपके धरले तर तो फोटो नऊ इंचांपर्यंत मोठा करता येतो. कृष्णधवल फोटोही रंगीत पद्धतीनेच स्कॅन केले. कारण पुराच्या गाळाचा डाग तपकिरी आहे, आणि रंगीत स्कॅनमधला नुसता लाल भाग वेगळा काढला की तो डाग खूप फिका पडतो. स्कॅनरची आपोआप सुधारणा करणारी सगळी बटणं बंद ठेवली. काळ्या भागावर चंदेरी झाक आलेले काही जुने स्टुडिओतले फोटो स्कॅनरवर निळसर चमकत होते. ते टेबलावर ठेवून, दोन बाजूंनी तिरके दिवे लावून कॅमेऱ्याने टिपले.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढले नाहीत. दात साफ करायच्या फ्लॉसचा दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवला, तर ८७ सुटले. पाच सुटेनात, ते पानासकट स्कॅन केले. दोन फ्रेमांमधले फोटो काचेला चिकटले होते. ते काचेतूनच टिपले. काच काढायला गेलो असतो तर चेहरा काचेवर आला असता.

हे सगळं नीट झालं. पण तीन आठवड्यांत माईंशी मी फक्त “चहा घेतला का” एवढंच बोलले. त्याच काळात त्यांना ताप आला आणि आठवडाभर त्या अंथरुणाला खिळल्या. बऱ्या झाल्या, पण त्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की कामाचा क्रम उलटा लावला आहे. फोटो साठ वर्षं थांबले होते, आणखी सहा महिने थांबले असते. माईंच्या बाबतीत तसं धरून चालणं बरोबर नव्हतं.

नावं कशी मिळाली

मग स्कॅनिंग बाजूला ठेवलं. जेवढे झाले होते त्यांतले वाड्याच्या काळातले साठेक फोटो साध्या ए४ कागदावर, घरच्या प्रिंटरवर छापले. फोटोचा कागद नाही, चकाकी नाही. एका पानावर एकच फोटो, आणि गर्दीचा असेल तर त्याचे दोन-तीन तुकडे मोठे करून वेगवेगळ्या पानांवर. प्रत्येकावर बटर पेपर ठेवून चेहऱ्यांच्या बाह्यरेषा काढल्या आणि त्यांत आकडे घातले.

सकाळी पूजा आणि चहा झाला की पूर्वेच्या खिडकीशी खुर्ची. चाळीस मिनिटं, सहा किंवा सात फोटो, त्याहून जास्त नाही. फोनवर आवाज टिपायला लावून ठेवायचा. माई पान मांडीवर घेत, हवं तसं फिरवत, बोटाने चाचपत. टीव्हीवर जे जमलं नाही ते या स्वस्त कागदांवर जमलं.

विचारण्याची रीतही बदलावी लागली. “हे कोण?” असं विचारलं की त्या गप्प होत, परीक्षेला बसवल्यासारख्या. “हे अंगण कुठलं?”, “त्या दिवशी काय होतं?” असं विचारलं की बोलू लागत. मुंज होती, पंगत मागच्या चौकात होती, पाण्याचा बंब उसना आणला होता, आणि मग कधीतरी ओघात, “ही बघ, बंबाशी ही उभी आहे ना, ही...” करत नाव येई.

नाव आपण पुढे करायचं नाही, हा धडा एका फोटोने दिला. रंगीत, लालसर पडलेला, अंगणात स्कूटर, शेजारी टोपी घातलेले गृहस्थ. मुलगा सहज म्हणाला, “आई, हे बापूकाका ना गं?” माई म्हणाल्या, “हो, बापूच.” मी लिहून घेतलं. नंतर मोठा करून पाहिला तर स्कूटरच्या पाटीवर एमएच १२ स्पष्ट दिसत होतं. अशा पाट्या १९८९ नंतरच्या, आणि बापूकाका १९८४ ला गेले. माईंनी मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवून हो म्हटलं होतं. त्यानंतर नियम केला: माई बोलत असताना घरातल्या इतरांनी ऐकायचं, नाव सुचवायचं नाही.

काळ ठरवायला पुराचा डाग कामी आला. ज्या फोटोवर तो तपकिरी काठ आहे, तो जुलै १९६१ च्या आधीचा, यात शंका नाही. उलट मात्र खरं नाही. डाग नसलेले काही जुने फोटो नातेवाइकांनी पुरानंतर त्यांच्याकडच्या प्रती पाठवल्या त्यांतले निघाले. १९५० च्या सुमाराच्या एका लग्नाचा फोटो दोन्ही रूपांत आहे, एक गाळाचा आणि एक नागपूरहून आलेला स्वच्छ. मोठा करायला अर्थातच स्वच्छ प्रत घेतली. मुलाला वाटत होतं की इतरही सगळ्या फोटोंवरचे डाग संगणकावर पुसून टाकावेत. माईंनी नको म्हटलं. “डाग काढलात तर हा ट्रंकेतला की बाहेरून आलेला, ते पुढच्याला कसं कळेल?” ग्रंथालयात इतकी वर्षं काढून हे मला सुचलं नव्हतं. जिथे डाग चेहऱ्यावर आला होता ते तीन फोटो तेवढे साफ केले, बाकीचे होते तसे ठेवले.

दारातल्या आत्याबाई

सगळ्यांत अवघड निर्णय एका फोटोचा. १९५९ सालची, माईंच्या धाकट्या दिरांची मुंज. मधे बटू, गोटा केलेला, हातात दंड. भोवती घरची माणसं. आणि अगदी उजव्या काठाला, दाराच्या चौकटीत, अर्ध्या कापल्या गेलेल्या एक बाई. डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला.

त्या माईंच्या आत्येसासूबाई. लहानपणीच विधवा झालेल्या, केशवपन केलेल्या, जन्मभर आलवणात, म्हणजे विधवांच्या तांबड्या लुगड्यात, राहिलेल्या. शुभकार्याच्या फोटोत त्यांना कुणी बसवत नसे. त्या आपल्या दारात उभ्या होत्या आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत चुकून आल्या. ४१८ फोटोंत त्यांचा हा एकच.

थोरल्या मुलाला तो फोटो अल्बममध्ये नको होता. त्यात लपवण्याचा हेतू नव्हता. त्याला लाज वाटत होती, की आपल्या घरात हे झालं. “नातवंडांना काय सांगायचं?” असं तो म्हणाला. माई म्हणाल्या, “त्यांनीच तुझ्या बाबांना वाढवलंय. त्यांचं पान मला हवं.” इथे मी मत द्यायला नको होतं, पण दिलं. हे पान नसेल तर बाकीची एकावन्न पानं खोटी होतील, असं मी म्हणाले. मुलाने दोन दिवस विचार केला आणि तो तयार झाला.

मग आकाराचा प्रश्न. छापील फोटोत आत्याबाईंचा चेहरा जेमतेम चार मिलिमीटर. १२०० डीपीआयला त्याचे साधारण १९० ठिपके होतात. म्हणजे कागदावर चेहरा एक इंचापर्यंत मोठा केला तर निभतं, त्यापुढे नुसता धूसरपणा वाढतो. माईंना दिसण्यापुरता तो एक इंच पुरत होता. पण न्यू जर्सीतल्या नातवाला वाटलं की आणखी चांगलं करता येईल. त्याने तो तुकडा चेहरा सुधारणाऱ्या आणि रंग भरणाऱ्या एका ॲपमधून काढला आणि मोठ्या मायेने पाठवला.

चित्र अतिशय स्पष्ट आलं होतं. डोळे रेखीव, त्वचा नितळ, वय पंधरा वर्षांनी कमी. लुगडं निळसर राखी. आणि पदराच्या काठाखाली, कपाळावर, केसांची बारीक रेषा. मी ते छापून माईंना दिलं, काहीच न सांगता. त्यांनी बराच वेळ पाहिलं. “ह्या कोण? ह्यांना केस कुठले?”

ॲपला आलवण माहीत नाही आणि केशवपन माहीत नाही. जिथे माहिती नव्हती तिथे त्याने हजारो इतर चेहऱ्यांवरून भर घातली. त्याच फोटोत सासूबाईंच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू त्याने काळी टिकली म्हणून रंगवलं होतं. कृष्णधवल फोटोत लाल रंग गडदच येतो, त्या काळच्या ज्या फिल्मा लाल पकडत नसत त्यांच्यावर तर काळाच, त्यामुळे यंत्राची फसगत होणं समजण्यासारखं आहे. पण जिचा एकच फोटो आहे तिच्या चेहऱ्यात आपण एक केस जरी वाढवला, तरी पुढच्या पिढीला तीच खरी वाटेल. नातवाला फोनवर हे सांगितलं, त्याला पटलं. अल्बमसाठी ठरलं: धूळ, ओरखडे आणि उजेड-अंधार एवढंच दुरुस्त करायचं. फोटोत जे नाही ते घालायचं नाही.

छपाई

निवडीची कसोटी माईंचीच होती. ज्या फोटोबद्दल त्या काही सांगू शकतात, किंवा ज्यात कुणाचातरी एकमेव चेहरा आहे, तो ठेवायचा. ४१८ मधून बावन्न उरले. सिमल्याच्या सहलीचे सगळे गेले, त्यावर मुलीची थोडी नाराजी झाली.

पहिली १८ प्रिंटची खेप वाया गेली. फोटो चौकोनी आणि कागद ८ बाय १०. लॅबच्या यंत्राने कागद भरावा म्हणून आपोआप कडा कापल्या, आणि काठावरची माणसं गेली. आत्याबाईही गेल्या. दोष माझाच, मी फाइल तशीच दिली होती. पुढच्या वेळी ८ बाय १० चं पांढरं पान आधी तयार केलं, त्यात वर ८ बाय ८ चा फोटो बसवला आणि खाली दोन इंच पट्टी मोकळी राहिली. त्या पट्टीत नावं, डावीकडून क्रमाने, २० पॉइंटच्या ठळक अक्षरात. माईंना भिंगाशिवाय वाचता येतात. कागद मॅट घेतला. चकचकीत कागदावर खिडकीचा उजेड पडला की त्यांना काहीच दिसत नसे.

पाडव्याला अल्बम माईंच्या हातात पडला. मला वाटलं काम संपलं.

साताऱ्याचा डबा

मे महिन्यात माईंची भाची साताऱ्याहून आली. अल्बम बघून म्हणाली, असले फोटो आमच्याकडे काळ्या फिल्मवर आहेत. माईंच्या माहेरी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, बटर पेपरच्या पाकिटांत ३१ निगेटिव्ह होत्या. लग्नानंतरच्या वर्षांत यजमानांनी सासऱ्यांना दाखवायला नेल्या आणि तिथेच राहिल्या. पुरातून त्या वाचल्या, कारण त्या वेळी त्या पुण्यात नव्हत्याच.

मुंजीची निगेटिव्ह त्यात होती. छापताना कडेला पांढरी चौकट पाडायला वापरतात त्या मुखवट्याखाली काठावरचे तीनेक मिलिमीटर झाकले गेले होते. निगेटिव्हमध्ये ते शाबूत होते. आत्याबाई पूर्ण होत्या. दुसरा खांदा, दुसरा हात, आणि त्या हाताला धरून उभं असलेलं एक लहान मूल.

झाकणात दिवा असलेला स्कॅनर मिळवून २४०० डीपीआयला स्कॅन केलं. ५००० हून जास्त ठिपके मिळाले, तरी साध्या बॉक्स कॅमेऱ्याच्या भिंगाला जेवढं दिसलं तेवढंच त्यात असतं. आठ इंचांपलीकडे मोठा करण्यात अर्थ नव्हता. नवा प्रिंट माईंना दाखवला. त्या आत्याबाईंकडे न बघता बटूकडे बघत राहिल्या. “मुंजीत अपसव्य कसं?”

जानवं उजव्या खांद्यावर होतं. श्राद्धाला असतं तसं. मी निगेटिव्ह उलट्या बाजूने स्कॅन केली होती आणि सगळं चित्र आरशातल्यासारखं फिरलं होतं. आत्याबाई उजव्या काठाऐवजी डाव्या काठाला आल्या होत्या, पण ते माझ्या लक्षातच आलं नाही, मी फक्त कडा किती जास्त मिळाली ते बघत होते. बाकीच्या तीसही निगेटिव्ह पुन्हा तपासल्या तर आणखी चार उलट्या निघाल्या. मनगटावरचं घड्याळ, सदऱ्याची बटणं, दुकानाची पाटी, यांवरून त्या ओळखता आल्या.

निकाल

गणपतीला सगळे जमले तोवर नऊ पानं नव्या प्रिंटनी बदलली होती. स्क्रू सोडवला, पानं काढली, नवी घातली, तासाभरात झालं. एक प्रत कोथरूडला, एक नाशिकला. वाया गेलेली खेप धरून खर्च पंधरा हजारांच्या आत राहिला. सगळ्या फाइली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत, एक पुण्यात आणि एक न्यू जर्सीत. नातवाकडे व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या फाइली आकसल्या होत्या, त्या पुन्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवल्या.

मूळ फोटो आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटांत घालून माळ्यावरून खाली, आतल्या खोलीच्या कपाटात आणले. डांबरगोळ्या आणि कडुलिंबाचा पाला दोन्ही काढून टाकले. पाला ओल धरतो, आणि ओल आली की कसर येतेच. पाठीवर आकडे मऊ पेन्सिलीने लिहिले. सत्तरच्या दशकानंतरच्या प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे आकडा पाकिटावर लिहिला.

माई रोज अल्बम बघतात असं नाही. कुणी आलं की मागतात. आलेल्या माणसाला आत्याबाईंचं पान आधी दाखवतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच आठवड्यात माईंजवळ बसायला हवं होतं. स्कॅनिंगच्या तीन आठवड्यांत किमान दहा बैठका झाल्या असत्या. तापानंतर त्या लवकर थकू लागल्या, आणि शेवटच्या काही फोटोंना आम्ही घाईने उरकलं हे मला मान्य आहे.

निगेटिव्हबद्दल सगळ्या नातेवाइकांना आधीच विचारायला हवं होतं. मी विचारलं ते फक्त कोथरूडच्या घरात. फोटो म्हणजे अल्बम किंवा फ्रेम असंच लोकांच्या मनात असतं. “काळ्या फिल्मच्या पट्ट्या किंवा तुकडे आहेत का?” असं शब्दांत विचारलं तरच डबे निघतात.

लॅबकडे आधी दोनच प्रिंट काढून बघायला हवे होते. आणि माईंच्या आवाजाचं टिपण रोजच्या रोज लिहून काढायला हवं होतं. ते साठत गेलं, आता सुमारे नऊ तासांचं आहे आणि निम्मंसुद्धा लिहून झालेलं नाही.

आत्याबाईंच्या त्या पानावर मुलाला मी जे ऐकवलं, त्याबद्दल माझं मन अजून द्विधा आहे. पान राहिलं हे योग्य झालं. पण तो निर्णय घरच्यांचा होता आणि माझ्या बोलण्याने त्याच्यावर दडपण आलं असणार. फोटोखालच्या ओळीत काय लिहायचं ते मात्र त्यानेच ठरवलं. नाव, नातं, आणि “बाबांना यांनी वाढवलं.”

आत्याबाईंचा हात धरलेलं मूल कोण ते माईंना आठवत नाही. पट्टीत त्याच्या जागी आकडा आहे आणि पुढे रिकामी रेघ. अशा सात रेघा अल्बमभर आहेत. दिवाळीत साताऱ्याच्या भाचीच्या आईंना दाखवायचं ठरलं आहे.

पुरात एकमेकांना चिकटलेल्या फोटोंची एक जोडीही तशीच आहे. स्वच्छ पाण्यात भिजवून असे फोटो कधी कधी सुटतात, कधी दोन्ही जातात. ते काम संवर्धन शिकलेल्या माणसाचं आहे, आम्ही हात लावला नाही. बाहेरच्या बाजूला एका फोटोची पाठ दिसते. तिच्यावर स्टुडिओचा पुसट शिक्का आणि शाईने लिहिलेले दोन आकडे आहेत, ५ आणि ७.